मिठाच्या पडावाची फाइल

माझी मागणीची चिठ्ठी परत आली ती पाठीवर लाल पेन्सिलीचा शेरा घेऊन. फाइल दुसऱ्या वाचकाकडे आहे.

मी तो शेरा पुन्हा पुन्हा वाचला आणि मग सरकारी दफ्तरघराच्या वाचनगृहातल्या एकेका टाळक्याकडे संशयानं बघायला लागले. दिल्लीतला जानेवारी होता. सगळे मफलरी गुंडाळून, कागदांत नाक खुपसून बसलेले. यांतल्या कुणीतरी माझ्या तोंडचा घास पळवला होता, आणि वर शांतपणे बसला होता.

ही फाइल मला सहजासहजी गवसली नव्हती. गोव्यात पोर्तुगीज असताना, पंचावन्न साली हद्द बंद झाल्यावर, दिल्लीनं किनाऱ्यावरच्या माणसांचं काय केलं हा माझ्या प्रबंधाचा विषय. कोल्हापूरच्या विद्यापीठात बसून मी संसदेतल्या चर्चांचे खंड चाळले, पुण्यात जुन्या वर्तमानपत्रांची धूळ खाल्ली, मुंबईत राजपत्रं उलटी-सुलटी केली. सगळीकडे ठराव, निषेध, निवेदनं. माणूस कुठे नाही. दिल्लीत परराष्ट्र खात्याच्या याद्यांमधून जे जे मागवलं, ते बहुतेक ‘खात्याकडून आलेले नाही’ असा शेरा घेऊन परत आलं. शेवटी वैतागून मी बाकीच्या खात्यांच्या याद्या उघडल्या, आणि मिठाच्या यादीत एक ओळ सापडली. शिरोड्याचं मीठ नेणारा एक पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल खाडीच्या तोंडाशी पोर्तुगीजांनी पकडला, त्यासंबंधी. म्हणजे परराष्ट्र धोरण मिठाच्या पोत्यात जाऊन बसलं होतं. त्या दिवशी मी आनंदानं दोन प्लेट छोले खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली.

वाचनगृहाचे अधीक्षक नेगीजी कुणाकडे काय आहे हे सांगत नसत. पण त्यांची नजर खिडकीजवळच्या टेबलाकडे गेली आणि मी तिचा माग काढला. तिथे खाकी स्वेटर घातलेला, साठीच्या पुढे गेलेला एक गृहस्थ बसला होता. फाइलच्या एकेका ओळीखालून बोट फिरवत होता, ओठ हलवत होता, आणि मधूनच उठून खिडकीशी जाऊन परत येत होता. स्वेटरच्या खांद्यावर आपल्या एसटीचा पट्टा उसवून काढल्याची खूण मला लांबूनही ओळखता आली.

मी जाऊन मराठीतच विचारलं, ही फाइल तुम्हाला अजून किती दिवस लागेल. माझा आवाज बहुधा फारसा गोड नसावा.

“बस गो बाय,” तो म्हणाला. “मी काय ती फायल खातंय?”

अशी पुंडलिक गिरपांची आणि माझी ओळख झाली. वेंगुर्ला डेपोत कंडक्टर होते, निवृत्त झाले होते. शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी दुकानाच्या पाट्यांपुरतं. खासदारांच्या पत्रावर वाचकाचा पास मिळवून, गाडीत उभ्यानं प्रवास करून ते दिल्लीला आले होते. फाइल त्यांनी मागवली ती साध्या हिशेबानं: पडाव मिठाचा, म्हणून मिठाचे कागद मागितले. आलेल्या ढिगात ही एक होती.

“ह्या पडावार माजो बापूस तांडेल होतो,” ते म्हणाले. “सगुण गिरप. माका एकच कळूक होया. सरकारान तेका मागल्यान काय नाय?”

सरकारनं त्याला परत मागितलं की नाही. पुढच्या दिवसांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला की झोपेतही ऐकू यायला लागला.

हकीकत त्यांनी चहाच्या टपरीवर सांगितली. पडावावर तांडेल, म्हणजे पडाव चालवणारा नाखवा, आणि दोन खलाशी. तिघांनाही धरून नेलं. काही महिन्यांनी दोघे खलाशी सुटून गावी आले, तांडेल आला नाही. त्या काळी दिल्लीचे आणि पोर्तुगीजांचे संबंध तुटलेले, त्यामुळे काही विचारायचं झालं तर तिसऱ्याच देशाच्या वकिलातीमार्फत विचारावं लागे. पुंडलिक तेव्हा लंगोट्या पोर. गोवा सुटल्यावर चुलते पणजीला, आग्वादच्या तुरुंगात जाऊन चौकशी करून आले, पण कुणाला काही ठाऊक नव्हतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघून मग दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. भटजी दर श्राद्धपक्षात विषय काढत. पण आईनं ते करू दिलं नाही. ती अजून कुंकू लावते, असं गिरप म्हणाले, आणि गरम चहा एका घोटात संपवून उठले. त्यांना कुठेही फार वेळ बसवत नसे. तीस वर्षं चालत्या गाडीत उभं राहिलेला माणूस.

मीही काही वेगळी नव्हते. मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर शिष्यवृत्ती जाणार होती, घरून लग्नाचा तगादा होता, आणि माझ्या चौथ्या प्रकरणात धोरण होतं पण धोरणाला कारण नव्हतं. रात्री अंथरुणावर पडलं की छातीत काहीतरी धावत असायचं. आम्ही दोघं त्या शांत वाचनगृहात एकमेकांच्या आसपास फेऱ्या मारत असू, आणि नेगीजी चष्म्यावरून बघत.

त्यात तिसरी आली. सुचेता बागची, कलकत्त्याची, समुद्री हद्दींच्या कायद्यावर काम करणारी. तिलाही हीच फाइल हवी होती. कुणाचं पाणी कुठपर्यंत, एवढाच तिचा प्रश्न. माणसं, मीठ, धोरण यांच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. मी मनात म्हटलं, तीन तिघाडा काम बिघाडा. आणि त्याच दुपारी नेगीजींनी बातमी दिली की ही फाइल खात्यानं परत मागवली आहे, शुक्रवारी जाईल. परत कधी येईल असं विचारल्यावर त्यांनी छताकडे बघितलं.

आता त्या दफ्तरघराचा एक नियम सांगायला हवा. एका वाचकाला एका फाइलच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच नकला मिळत, जास्त नाही. आणि नियम तिथे पळवाट, ही वाचकांची जुनी वहिवाट होती. ज्यांना एकच फाइल हवी ते तिघं गाठ घालत, एकेक तिसरा हिस्सा आपापल्या नावावर मागत आणि बाहेर येऊन अदलाबदल करत. नेगीजींना हे ठाऊक होतं, पण तीन चिठ्ठ्यांवर तीन सह्या असल्या की त्यांची ना नव्हती.

वाटणी मी केली. घाईत होते, आणि मला स्वतःच्या हुशारीची खात्रीही होती. शेवटच्या पानाचा आकडा बघितला, त्याला तिनानं भागलं, पहिला भाग मी, मधला बागचीनं, शेवटचा गिरपांनी. गिरपांनी न बघता सही केली. म्हणाले, तुला काय हवं ते घे, मला फक्त बापाचं काय ते सांग. दोन दिवसांत नकला आल्या, आम्ही टपरीवर बसून गठ्ठे जुळवले, आणि मला वाटलं, घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

मी रात्रभर वाचत बसले. मिठाच्या आयुक्तांचं पत्र, कस्टमचं पत्र, मुंबईच्या सचिवांचं स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र. पोती किती, भिजली किती, पडावाची किंमत काय. तांडेलाचं नाव तीन-चार ठिकाणी आलं, पण नुसतं आलं. मुंबई सरकार विचारतंय, दोन खलाशी सुटले, तांडेलाबद्दल काय करणार. दिल्ली उत्तर देतेय, विषय विचाराधीन आहे. शेवटच्या पानावरही विचाराधीनच. काय विचार केला, कुणी केला, काय ठरलं, याचा पत्ता नाही. चहाचं पाणी उकळतंय उकळतंय आणि पत्तीच टाकायची राहून गेली, असं काहीतरी.

शुक्रवारी सकाळी केस विंचरताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कंगवा टाकून निघाले. सरकारी फाइलला दोन अंगं असतात. एका बाजूला पत्रव्यवहार. दुसऱ्या बाजूला टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांनी एकमेकांसाठी लिहिलेले शेरे. पत्रं वाचून सरकार काय बोललं ते कळतं, टिपणी वाचून का बोललं ते, हे आमचे सर पहिल्या वर्षापासून घोकून घेत. आणि दोन्ही अंगांचे पानांचे आकडे वेगवेगळे, दोन्हीकडे एकपासून. मी तिनानं भागलं ते फक्त पत्रव्यवहाराला. टिपणी फाइलच्या मागच्या बाजूला, वेगळ्या कव्हरात शिवलेली होती. आम्हा तिघांपैकी कुणाच्याच हिश्श्यात ती आली नव्हती. पोहायला शिकवणाऱ्यानं गुडघाभर पाण्यात बुडावं तसं हे झालं.

नेगीजींनी फाइल बांधून ठेवली होती. मी हाता-पाया पडले. दुपारी चारला शिपाई न्यायला येईल, तोवर इथेच समोर बसून बघा, म्हणाले. नकला मात्र तीनपर्यंतच, आणि तुमच्या हिश्श्यातली उरलेली असतील तेवढीच पानं. मिठाची परिशिष्टं मी वगळली होती, त्यामुळे माझी चार-दोन पानं शिल्लक होती.

टिपणीची पानं पिवळी, कडा झडलेल्या. शाई तीन-चार रंगांची, हस्ताक्षरं तितकीच. खालच्या अधिकाऱ्यानं मुद्दा मांडायचा, वरच्यानं समासात शेरा द्यायचा, आणि असं करत कागद वर वर चढत जायचा. मी पेन्सिल धरली आणि उतरवायला सुरुवात केली.

पहिल्या अधिकाऱ्यानं लिहिलं होतं, खलाशी पोर्तुगीजांनी आपण होऊन हद्दीवर आणून सोडले, त्यासाठी आपण काहीही मागणी केलेली नाही. तांडेल हा पडावाचा प्रमुख म्हणून नोंदलेला असल्यानं त्याला सोडायचं तर त्याच्या नावानं मागणी आली पाहिजे, असं तिसऱ्या देशाच्या वकिलातीकडून कळलं आहे. मागणीचा मसुदा सोबत ठेवला आहे.

त्याच्या खाली दुसरी शाई. मसुदा ठीक आहे. परंतु पडाव कुठे पकडला गेला याविषयी वाद आहे. त्यांच्या अटीप्रमाणे नावानं मागणी केली तर पडाव त्यांच्या पाण्यात होता असं आपणच मान्य केल्यासारखं होईल. तेरेखोलच्या तोंडाचा प्रश्न पुढे-मागे मोठा होणार आहे.

त्याच्या खाली तिसरी शाई, हिरवी, दोनच ओळी. सहमत. मागणी करू नये. विषय तूर्त असाच राहू द्यावा.

आणि त्याखाली सही, तारीख, आणि मग पान कोरं.

मला स्वतःची लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. हेच मी दोन वर्षं शोधत होते. पाण्याच्या एका रेषेसाठी दिल्लीनं माणूस मागितला नाही. आणि हे कुठल्या ठरावात नाही, भाषणात नाही, मिठाच्या फाइलच्या पाठीत आहे. माझं चौथं प्रकरण त्या हिरव्या दोन ओळींवर उभं राहणार होतं. मी हसले असणार, कारण वर बघितलं तेव्हा खिडकीजवळून गिरप माझ्याकडेच बघत होते. ते जवळजवळ धावत आले.

“गावलो?”

मी म्हटलं, नाही काका, माझ्या कामाचं काहीतरी मिळालंय.

“तोंडार दिसता तुझ्या,” ते म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले, माझ्या पेन्सिलीकडे बघितलं, आणि चहाला म्हणून बाहेर गेले.

माझा आनंद जागच्या जागी विझला. या माणसाला मी आता काय सांगू? तुमच्या वडिलांच्या सुटकेचा मसुदा तयार होता, टाइप झालेला होता, आणि एकानं हिरव्या शाईत नको म्हटलं? पन्नास वर्षं ती बाई कुंकू लावून दाराकडे बघत बसली, आणि इकडे फाइलवर दोरी बांधून झाली होती?

मी बागचीला गाठलं. तिनं टिपणी वाचली, आपल्या कायद्याचा मुद्दा पटकन टिपून घेतला आणि मग माझ्याकडे बघितलं. तिचं मत पक्कं होतं: सांगू नकोस. म्हातारा माणूस, लांबून आलाय, त्याला काही सापडलं नाही एवढंच घेऊन जाऊ दे. काही न सापडल्याचं दुःख माणूस पचवतो. हे पचणार नाही. तुला हवं ते तू उतरवून घेतलंस, विषय संपला.

पटण्यासारखं होतं. मी उतरवलेलं पुन्हा ताडून बघितलं, फाइल बांधली, सोडली, परत बांधली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि सारखी घड्याळाकडेच बघत राहिले. खाली टपरीवर गिरप एका हातात ग्लास घेऊन पदपथावर इकडून तिकडे चालताना खिडकीतून दिसत होते. ग्लास केव्हाच रिकामा झालेला होता, तरी ते तो ओठांना लावत होते.

अडीचच्या सुमाराला ते वर आले. माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच नीट, हात मांडीवर ठेवून बसले.

“बाय, तू वाचलंस ता माका सांगूचा नाय असा ठरवलंस,” ते म्हणाले. “तीस वर्सां मी लोकांच्या तोंडार बगून तिकीट फाडलंय. कोणाकडे पैसे आसत नि कोण खोटा बोलता ता माका कळता.”

मी काहीतरी पुटपुटले. सरकारी भाषा, नीट अर्थ लागत नाही, असं काहीसं.

“वाच. जसा आसा तसा वाच.”

मी वाचलं. दोनदा अडखळले. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि लगेच मराठीत सांगायचं, नेगीजींना ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मसुद्याचं सांगितलं, पाण्याच्या वादाचं सांगितलं, आणि शेवटी हिरव्या शाईतल्या दोन ओळी. त्यांच्याकडे बघायचा धीर नव्हता म्हणून कागदाकडेच बघत राहिले.

“म्हणजे मागल्यानच नाय,” गिरप म्हणाले.

“नाही, काका. मागितलंच नाही.”

“नक्की? कोणी, केवाच नाय?”

“नाही.”

त्यांनी एक लांब श्वास सोडला. मी वर बघितलं तर त्यांचे डोळे भरलेले होते, पण चेहरा असा सैल झालेला की मला काही समजेना.

“बरा झाला,” ते म्हणाले.

मला वाटलं, माणूस हबकलाय. पाणी आणू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले, आणि खाली वाकून, मला एकटीला ऐकू जाईल असं सांगितलं.

“दोघे खलाशी इले ना, तेंनी गावात सांगल्यानी. सरकारान सगळ्यांका मागल्यान, आमी इलंव, तांडेल येवक नाय. मगे गावान काय ता समजान घेतला. थंय तेणी दुसरी बाई केल्यान. कोण म्हणा पणजेक, कोण म्हणा आफ्रिकेक. पन्नास वर्सां माजी आवस ह्या आयकता, बाय. हळदीकुंकवाक बोलवतत नि मगे कुजबुजतत.” त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. “जेका मागूकच नाय, तो येवचा नाय म्हणतलो कसो?”

इतके दिवस ते विचारत होते तेव्हा मी धरून चालले होते की त्यांना ‘हो’ ऐकायचंय. बागचीलाही तेच वाटलं होतं. सरकारनं आपल्या माणसाला मागितलं असावं, असंच कुणालाही वाटेल. आणि हा माणूस उभ्यानं प्रवास करून आला होता तो ‘नाही’ हा शब्द मिळेल या आशेनं.

“ह्याची नक्कल होयी,” ते एकदम उठून म्हणाले. “शिक्को मारून. साधी नको.”

मी घड्याळ बघितलं. नकलांची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, आणि तीनला ती बंद होणार. मी चिठ्ठी खरडली, नेगीजींनी ती वाचली, पानांचे आकडे वाचले, माझ्या हिश्श्याचा हिशेब काढला आणि चष्मा पुसायला घेतला. मी त्यांना सांगितलं, हे माझ्यासाठी नाही. खिडकीजवळच्या गृहस्थांसाठी. त्यांनी गिरपांकडे बघितलं, सही केली आणि फाइल हातात देऊन, बरोबर शिपाई न पाठवता, म्हणाले, पळा. त्या दफ्तरघरात फाइल घेऊन कुणी पळालं असेल तर ते आम्हीच. गिरप जिन्यात माझ्या पुढे होते.

खिडकीवरचा माणूस कुलूप हातात घेऊन उभा होता. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण त्यानं काय ओळखलं कुणास ठाऊक, कुलूप बाजूला ठेवलं. यंत्र गरम होईपर्यंत गिरप त्याभोवती असे घिरट्या घालत होते की त्यानं शेवटी त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत. तीन पानं निघाली. प्रत्येक पानावर गोल शिक्का बसला, खाली सही झाली. गिरपांनी हिरवी ओळ कुठली ते मला विचारून घेतलं. नकलेत ती काळीच आली होती. तिच्याखालून त्यांनी बोट फिरवलं आणि ओठ हलवले.

निघताना ते म्हणाले, तुला गावी यावं लागेल, मुलानं वाचलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. “मी वाचलंय तर लोक म्हणतले, झिलान आपल्या मनातला वाचल्यान.”

प्रबंध मार्चअखेर दिला. त्या टिपणीसाठी परीक्षकांनी पाठ थोपटली. मे महिन्यात मी वेंगुर्ल्याला उतरले आणि तिथून गिरपांच्या गावी गेले. त्यांनी कुणालाही आमंत्रण दिलं नव्हतं, फक्त दोन-तीन घरी सांगितलं होतं की दिल्लीहून बाई येणार आहे. तेवढं पुरलं. संध्याकाळी घरापुढचं खळं माणसांनी भरलं. पुढच्या बाजूला, काठी दोन पायांत धरून, एक वाळलेला म्हातारा बसला होता. त्या दोन खलाशांपैकी हयात असलेला, बाबल कुबल.

गिरपांची आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू. मी पाया पडले तर माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाली, हिला आधी शहाळं दे. मला वाटलं होतं वाट बघून थकलेली बाई असेल. तसं काही दिसलं नाही. रागावून बसलेली बाई दिसली.

मी वाचलं. या वेळी अडखळले नाही. इंग्रजी ओळ, मग मराठी ओळ. खलाशी त्यांनी आपण होऊन सोडले, आपण मागणी केली नव्हती, हे वाचलं तेव्हा बाबल कुबलानं मान वर केली. मसुद्याचं वाचलं. पाण्याच्या रेषेचं वाचलं, ते पुन्हा सांगावं लागलं. मग शेवटच्या दोन ओळी. मागणी करू नये. विषय तूर्त असाच राहू द्यावा. मी कागद गिरपांच्या हातात दिला आणि त्यांनी तो उलटा करून सगळ्यांना शिक्का दाखवला.

एक बाई उठून पदर सावरत दुसऱ्या बाईच्या मागे जाऊन बसली. बाबल कुबल काठीच्या टोकानं जमिनीवर काहीतरी खरवडत होता. मग हळूच म्हणाला, सोडताना आम्हाला शिपायानं एवढंच सांगितलं, जा, तुमच्या सरकारनं बोलावलंय. आम्ही तेच धरलं.

आई भिंतीवरून पुढे झाली.

“मागूकच नाय?” तिनं विचारलं. मला नाही, मुलाला नाही, त्या म्हाताऱ्याला.

त्यानं मान हलवली.

“मगे येतलो कसो?” ती म्हणाली.

खळ्यातल्या सगळ्यांवरून तिनं एकदा नजर फिरवली, एकेकावर थोडी थोडी थांबवत. घाई नव्हती. मग पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं, कपाळाशी नेलं, आणि पुसलं काहीच नाही. तसाच हात खाली घेतला.

“सकाळी भटाक दर्भ आणूक सांगान ये,” ती मुलाला म्हणाली. “आता करूया तेचा.”